बिनधुराचा शेक

लग्नाच्या पंगतीत माझी ओळख करून देणाऱ्यांना मी डोळ्यांनी दटावते, पण कुणी जुमानत नाही. "या आमच्या वहिनी. कॅन्सरच्या दवाखान्यात शेक देतात." एवढं म्हटलं की संपलं. पानातली बट्टी कुस्करून होईपर्यंत शेजारची बाई गुडघ्यावरून हात फिरवत विचारते, "मग आमच्या गुडघ्याला लागू पडेल का हो तुमचा शेक? तेल चोळून चोळून कंटाळले." मी वरणाचा भुरका मारत सांगते की आमचा शेक गुडघ्याला चालत नाही. मग ती माझ्याकडे जरा संशयानंच बघते. ज्या शेकानं गुडघासुद्धा मोकळा होत नाही त्याचं एवढं कौतुक कशाला, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं.

नोकरीची सगळी वर्षं मी जळगावच्या एका दवाखान्यात रेडिएशनच्या मशीनवर टेक्निशियन होते. मागच्या दिवाळीला निवृत्त झाले आणि या दिवाळीला लिहायला बसले आहे, म्हणजे मधलं एक वर्ष मी कुणाला काहीही न शिकवता काढलं, याची घरच्यांनी नोंद घ्यावी. आमच्या दारावर 'किरणोपचार विभाग' अशी झोकदार पाटी होती. ती पाटी वाचून आत आलेला माणूस मी पाहिला नाही. सगळे विचारत यायचे ते 'शेकाची खोली' कुठे म्हणून. सुरुवातीला कुणी 'लाईट' म्हणायचं, कुणी 'करंट' म्हणायचं, पण टिकला तो शेकच. धुळ्याचे डॉक्टर चिठ्ठी देताना तोंडानं 'शेक घ्या' म्हणायचे, रिक्षावाले शेक म्हणायचे आणि शेवटी आम्हीही शेकच म्हणायला लागलो.

आता खरी गोष्ट सांगते. या शेकात शेकण्यासारखं काहीही नसतं. एक्स-रे काढताना कुणाला चटका बसत नाही, तसाच हा प्रकार, फक्त किरण फार जोरदार. पेशंटला एका ठरावीक जागी, ठरावीक पद्धतीनं झोपवायचं, दार लावून आपण बाहेर यायचं आणि बटण दाबायचं. खोली एसीनं गार पडलेली असते. त्यामुळे जन्मभर विस्तवाशी संबंध आलेला आमच्याकडचा माणूस तिथून बाहेर येतो तो फसवलं गेल्यासारखं तोंड करून. घशाच्या शेकासाठी आलेले जामनेरचे एक आजोबा मला रोज विचारायचे, "ताई, आज बटन दाबलं होतं ना?" शेवटच्या दिवशी म्हणाले, "एवढ्या लांबून आलोय, तर निघता निघता खांदापण दाखवून घेऊ का मशीनला?"

आमची कामं तशी साधी, पण माणसांमुळे रंगायची. ओटीपोटाला बाहेरून शेक द्यायचा असेल तर पेशंटनं भरपूर पाणी पिऊन लघवी थोपवून धरायची असते. मूत्राशय फुगलं की आतडी वर सरकतात आणि किरणांच्या वाटेतून बाजूला होतात. आता एसटीनं यायचं म्हणून आदल्या संध्याकाळपासून पाण्याला न शिवणाऱ्या बायकांना हे सांगणं म्हणजे कर्मकठीण. साऱ्या जन्माची सवय उलटी. मी तांब्या घेऊन त्यांच्यासमोर बसायचे आणि एकेक घोट मोजून प्यायला लावायचे. रोज तोच नेम साधावा म्हणून कातडीवर सुईनं बारीकसे ठिपकेही गोंदावे लागतात. सातपुड्याच्या पायथ्याकडची एक बाई, दोन्ही हात कोपरापर्यंत सुरेख गोंदलेले, माझा ठिपका बघून इतकी हसली की तिला पुन्हा सरळ झोपवायला वेळ लागला. एवढंच येतं का तुला, असं तिनं मला विचारलं. मी म्हटलं, हो, मला एवढंच येतं.

पण मला सांगायचंय ते आतल्या शेकाबद्दल.

गर्भाशयाला आपल्याकडे पिशवी म्हणतात. पिशवीच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर बहुतेक वेळा पाळी गेल्यावर होतो आणि हा त्यातल्या त्यात सभ्य आजार आहे. तो आल्याची वर्दी देतो. पाळी बंद होऊन वर्षं लोटलेली असतात आणि एक दिवस पुन्हा अंगावरून जायला लागतं. त्या वेळी बाई लगेच दवाखान्यात आली तर तो बऱ्याचदा पिशवीतल्या पिशवीतच सापडतो. पिशवी काढून टाकतात. पुष्कळ जणींचं काम तेवढ्यावरच भागतं. काही जणींच्या रिपोर्टमध्ये मात्र आजार जरा खोल गेलेला दिसतो. पिशवी काढल्यावर आत, योनीमार्गाच्या अगदी वरच्या टोकाला, शिवण घातलेली असते, आणि पुढेमागे आजारानं पुन्हा डोकं वर काढलंच तर ते त्या शिवणीपाशी काढण्याची भीती असते. म्हणून त्या तेवढ्या जागेला आतून शेक द्यायचा. गुळगुळीत नळी बसवायची, तिच्यातून मशीन एका तारेच्या टोकावरचा बारीकसा किरणांचा दाणा आत पाठवतं, काही मिनिटं ठेवतं आणि परत घेतं. नळी काढली की बाई उठून घरी. अशा थोड्याच खेपा. केस गळत नाहीत आणि अंगात काही उरत नाही, घरी जाऊन नातवंडाला मांडीवर घ्यायलाही हरकत नाही.

वर्दी मिळूनही वर्षभर कुणाला न सांगणाऱ्या बायका मी खूप पाहिल्या. त्यांच्याबद्दल इथं लिहीत नाही. त्या आठवल्या की मला अजून राग येतो. त्यांचा नाही, त्यांना लाजायला शिकवणाऱ्यांचा.

इंदूअक्का वेळेवर आल्या त्या लेकीमुळे. इंदूअक्का पिंपळनेरच्या अलीकडच्या एका खेड्यातल्या, साठी ओलांडलेल्या. अंगावरून जायला लागलं तेव्हा त्यांनीही उष्णता झाली म्हणून धन्याचं पाणी सुरू केलं होतं. पण नशिराबादला दिलेली त्यांची लेक कल्पना सणाला माहेरी गेली आणि धुणं धुताना तिच्या लक्षात आलं. तिनं आईला तशीच धुळ्याला नेली. तपासण्या झाल्या आणि पिशवी निघाली. रिपोर्ट बघून तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, "आजार लवकर सापडलाय. बाहेरून काही नको, जळगावला जाऊन फक्त आतून शेक घ्या." म्हणून कल्पनानं आईला नशिराबादला आपल्या घरी आणलं. तिथून आमचा दवाखाना जवळ.

आमचे डॉक्टर सांगलीकडचे, तरुण, मन लावून काम करणारे. अहिराणी त्यांना नवी. 'शे' म्हणजे 'आहे' आणि 'बठ्ठं' म्हणजे 'सगळं' हे ते पहिल्या महिन्यात शिकले होते, बाकीसाठी माझ्याकडे बघायचे. त्यांनी इंदूअक्कांना तपासलं, शिवण भरून यायला अजून थोडे दिवस जाऊ द्या म्हणाले आणि पुढची तारीख दिली. जाताना इंदूअक्का माझ्यापाशी रेंगाळल्या.

"बाई, एक इचारू का? पिशवी तं काढी टाकी. आते आत काय शेकश्यात?"

मी त्यांना शिवणीचं समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली, पण त्यांचं मन दुसरीकडेच होतं. मग हसत हसत, जणू दुसऱ्याच कुणाची गंमत सांगावी तशा त्या म्हणाल्या, "आपरेशन व्हयनं नि मना भाचानं लगीन व्हतं. भावजाईनी बठ्ठ्या बायास्नी ओटी भरी. मनी नही भरी. म्हने, पिशवीच नही तं ओटी कसानी?"

"असं काही नसतं हो अक्का," मी म्हटलं. वर्षानुवर्षं पिशवी काढलेल्या बायका बघून मी एवढंच म्हणायला शिकले होते.

ठरल्या तारखेला इंदूअक्का आल्या नाहीत. आम्ही पुढची तारीख कळवली, त्यालाही आल्या नाहीत. डॉक्टर अस्वस्थ झाले. या शेकाला शिवण भरण्याच्या आधी हात लावता येत नाही आणि फार उशीर केला तर त्याचा उपयोग कमी होतो. मधला जो काळ असतो तो हातचा घालवून चालत नाही. चांगला सापडलेला आजार केवळ आळसानं पुन्हा उलटला तर काय, या विचारानं मलाही चैन पडेना. मी कल्पनाला फोन लावला आणि जरा घुश्शातच विचारलं, "काय गं, आईचा शेक घ्यायचा नाही का?"

"मॅडम, शेक चालूच आहे ना," ती म्हणाली. "आमच्या सासूबाई देतात. सकाळ-संध्याकाळ."

माझ्या सबंध नोकरीत हे वाक्य कुणी मला ऐकवलं नव्हतं.

रविवारी स्कूटी काढली आणि थेट नशिराबाद गाठलं. कल्पनाचं घर गावाच्या कडेला, मागे केळीचा मळा. घर कुणाला विचारावं लागलं नाही, कारण गल्लीत वळताच ओव्याचा आणि बाळंतशेपाचा वास आला. आपल्याकडे हा वास ज्या घरातून येतो तिथं पाळणा हलत असतो. आत गेले तर खोली गच्च लावलेली, मध्ये बाज, बाजेखाली शेगडी, शेगडीत निखारे, आणि बाजेवर इंदूअक्का. डोक्याला घट्ट फडकं बांधलेलं, कानात कापसाचे बोळे, हातात डिंकाचा लाडू. गाल हे असे तुकतुकीत. माझ्याकडे बघून त्यांना इतका आनंद झाला की मी कशासाठी आले होते ते मीच क्षणभर विसरले.

शेगडीपाशी बसलेल्या बाईंनी मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. या सुपडाबाई, कल्पनाच्या सासूबाई आणि इंदूअक्कांच्या विहीणबाई. माहेर साक्रीकडचं, म्हणून दोघींची बोली एक. निम्म्या गल्लीची बाळंतपणं यांच्या हातची. कुणाला किती शेकायचं, कुणाला सुंठ किती सोसते, हे त्या नुसता चेहरा बघून सांगतात असा त्यांचा लौकिक. 'पिशवी' आणि 'आतून शेक' एवढे दोन शब्द कानावर पडल्यावर पुढचं त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती आणि शेकाच्या बाबतीत त्यांच्यापुढे घरात कुणाचा शब्द चालत नव्हता.

"दवाखानामा सांगं, आतून शेक द्या," त्या म्हणाल्या. "मी दी ऱ्हायनू. सुंठ, डिंक, अळीव, बठ्ठं आतूनच शे."

"आणि ही शेगडी?"

"बाहेरून नको सांगं व्हतं. पन बाहेरून लागल्याबिगर आत कसा जाई? म्हनून थोडासा देस." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "उद्यापासून धुरी बी देसू."

धुरी म्हणजे बाळंतिणीला खालून देतात तो ओव्याचा धूर. ओल्या शिवणीला धूर. मी बाजेखालून आधी ती शेगडी ओढून अंगणात नेऊन ठेवली. सुपडाबाईंच्या कपाळावर आठ्यांचं जाळं पसरलं.

मी रागवायच्या तयारीनंच आले होते. वाक्यंसुद्धा ठरवून आणली होती. ती सुरू करणार तोच इंदूअक्का म्हणाल्या, "बाई, याहीनबाईले काही नका बोलू. तिनं मनं बाळंतपण मांडं."

आणि मग त्यांनी सांगितलं. आई लहानपणीच गेलेली. सासर हातावर पोट असलेलं. तीन बाळंतपणं झाली, पण बाजेवर कुणी झोपू दिलं नाही. "कल्पना व्हयनी नि पाचवीना दुसरा दिन मी निंदाले गई. पोरगी बांधवर, मी वावरमा. माले शेक कोनी दिन्हा नही व बाई. लाडू बी नही." त्यांनी हातातल्या लाडवाकडे पाहिलं. "आते साठ वरीसनी व्हयनू तं याहीन देस. हाऊ शेक सोडीसन तुमना कसाले ल्यू?"

या बाईला आता कसं सांगायचं की हे सगळं चुकीचं आहे? ते सगळं चुकीचं नव्हतंच. शेगडी तेवढी चुकीची होती. एका विहिणीनं दुसरीचे हे लाड करावेत, याचं मला खरोखर भरून आलं. पण शेकाचा तो मधला काळ निघून चालला होता. त्या बाजेवरून उठणार नाहीत आणि त्यांना उठवू शकेल अशी एकच बाई त्या घरात आहे, हे मला कळलं.

मी सुपडाबाईंना मागच्या दारी बोलावलं. समोरच मळा.

"मावशी, घड उतरवला की खोडाचं काय करता?"

"कापी टाकतस." एवढं साधं विचारते म्हणून त्यांनी माझी कीव केली.

"मग संपलं?"

"संपी कसं? बुडले पिल फुटस. ठेवाना तेवढा ठेवतस, बाकीना कापी टाकतस. नही तं बठ्ठा मळा तोच खाई जाई."

"इंदूअक्कांचं खोड कापलंय," मी म्हटलं. "बुडाशी नवा कोंब फुटेलच असं नाही, पण फुटायला नको. आम्हाला ते बुड शेकायचंय. तुमची शेगडी तिथपर्यंत पोचत नाही, मावशी. कुणाचीच पोचत नाही."

सुपडाबाई मळ्याकडे बघत म्हणाल्या, "मना शेक तठलगून जात नही?" आवाजात राग नव्हता. आपलं काम जाणणारं माणूस आपल्या कामाची हद्द विचारतं तसा तो आवाज होता.

"नाही."

"मंग मी बी येस तुमना दवाखानामा. तुमनी शेगडी देखसू, मंगच याहीनले हात लावू देसू."

तिथंच तह झाला. शेगडी आणि धुरी बंद, लाडू चालू. इंदूअक्कांना साखरेचा त्रास नव्हता, त्यामुळे लाडवांना डॉक्टरांनीही हरकत घेतली नाही.

दुसऱ्याच दिवशी दोघी विहिणी आणि कल्पना हजर. डॉक्टरांनी तपासलं, शिवण छान भरली होती आणि वेळही गेलेली नव्हती. सुपडाबाईंना मी आतल्या शेकाचं मशीन दाखवलं. ते दिसायला काहीच नाही, चाकांवरचं एक बुटकं कपाट. त्यांनी त्याला चारी बाजूंनी बघितलं, वर हात ठेवला आणि चटकन काढून घेतला.

"थंडगार शे," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "धूर कोठे शे?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भाषांतर केलं.

"मावशी, याला धूर नसतो. हा गरमही लागत नाही," ते म्हणाले.

"मंग गुन कसा येई?"

डॉक्टरांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मावशी, उन्हाला धूर असतो का? तरी माणूस भाजतोच ना?" जळगावच्या माणसाला उन्हाबद्दल याहून जास्त सांगावं लागत नाही. सुपडाबाईंनी विचार केला आणि म्हणाल्या, "बिनधूरना शेक. देखू."

आत इंदूअक्का मात्र घाबरल्या होत्या. नळीची भीती सगळ्यांनाच असते आणि मनातली नळी खऱ्या नळीपेक्षा नेहमी मोठी असते. मी त्यांना ती हातात घेऊन बघू दिली. मग चादर नीट पांघरली, काय काय होणार ते एकेक करून सांगितलं, आणि डॉक्टर नळी बसवत असताना मी त्यांना भाच्याच्या लग्नात जेवायला काय काय होतं ते विचारत राहिले. जेवणाची यादी शेवग्याच्या आमटीपर्यंत आली तोवर काम झालंही होतं. "व्हयनं?" त्यांनी आश्चर्यानं विचारलं. मी म्हटलं, आता हलायचं नाही, आम्ही बाहेरून बघतो आहोत, बोललात तर ऐकू येतं.

बाहेर टीव्हीसारख्या पडद्यावर आतलं दिसतं. सुपडाबाई पडद्याला नाक लावून उभ्या. थोड्या वेळानं स्पीकरमधून घोरल्याचा आवाज आला. मी इतकी वर्षं नोकरी केली, पण आतल्या शेकात घोरणारी बाई मला पहिल्यांदाच भेटत होती. "झोपनी," सुपडाबाई कौतुकानं म्हणाल्या. बाळंतिणीला गाढ झोप लागणं ही शेक देणाऱ्या बाईची शाबासकी असते, पण ही शाबासकी त्या अजून आम्हाला द्यायला तयार नव्हत्या. इंदूअक्का बाहेर येताच त्यांनी विचारलं, "लागना का?"

"काहीच लागनं नही."

सुपडाबाई तडक डॉक्टरांच्या खोलीत. "साहेब, शेक लागना नही. आनखी द्या."

डॉक्टरांनी फार सभ्यपणे समजावलं की शेक जेवढा हवा तेवढाच दिला आहे, जास्त देता येत नाही. त्या परत आल्या त्या मला ऐकू जाईल अशा बेतानं पुटपुटत, की शिकलेल्या माणसांचा हात आखडता असतो.

दुसऱ्या खेपेनंतर इंदूअक्कांना लघवीला थोडी आग झाली. असं होतं, पाणी जास्त प्यायचं, थोड्या दिवसांत जातं. मी हे कल्पनाला सांगत होते आणि सुपडाबाईंचा चेहरा खुलत चालला होता. "आते लागना," त्या समाधानानं म्हणाल्या. पेशंटला त्रास झाला म्हणून डॉक्टरांचं अभिनंदन करायला गेलेली नातेवाईक आमच्या विभागात तेवढी एकच. डॉक्टरांना त्यांनी लाडूही दिला. तेव्हापासून दर खेपेला डॉक्टरांच्या टेबलावर लाडू असायचा आणि माझ्या टेबलावर नसायचा, हे मी इथं मुद्दाम लिहून ठेवते.

इंदूअक्का आज ठणठणीत आहेत. तपासणीच्या तारखा त्या चुकवत नाहीत. मी निवृत्त झाले तरी त्या दिवशी त्यांचा फोन येतो, "बाई, साहेब म्हनतस, बठ्ठं बरं शे." पण मला राहून राहून आठवतो तो त्यांच्या शेवटच्या खेपेचा दिवस.

त्या दिवशी सुपडाबाई हातात भलीमोठी कापडी पिशवी घेऊन आल्या. पिशवीतून नारळाची शेंडी डोकावत होती. मी आधीच बजावलं, "मावशी, इथं उदबत्ती, दिवा, काही पेटवायचं नाही." त्या म्हणाल्या, "तुमना शेक बिनधूरना, मनी पूजा बी बिनधूरनी." शेक उरकला. इंदूअक्का बाहेर आल्या आणि बाकावर टेकल्या. बाहेर आपापल्या नंबरची वाट बघत आणखी बायका बसलेल्या होत्या. सुपडाबाईंनी पिशवीतून हळदकुंकवाचा करंडा काढला, खण काढला, नारळ काढला, आणि इंदूअक्कांपुढे उभ्या राहिल्या.

शेकाचे दिवस संपले, न्हाणं झालं, की बाळंतिणीची ओटी भरतात. हे मला ठाऊक होतं. इंदूअक्कांनाही ठाऊक होतं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम उतरलं. त्यांनी पदर गोळा करून छातीशी धरला.

"याहीनबाई, मनी ओटी कशी भरस? पिशवी तं काढी टाकी."

त्या हळूच म्हणाल्या, पण आमचा तो बोळ लांबलचक आणि उघडा, तिथं हळू काही राहत नाही. बाकावरच्या बायकांनी माना वळवल्या. मला आता काहीतरी बोलायला हवं होतं, आणि माझ्याकडे तेच जुनं 'असं काही नसतं हो' होतं.

सुपडाबाईंनी खण डाव्या हातात घेतला आणि उजव्या हातानं इंदूअक्कांची मूठ सोडवली.

"ओटी काय पिशवीमा भरतस का व बहीन?" त्या म्हणाल्या. "पदरमा भरतस."

इंदूअक्का उभ्या राहिल्या आणि त्यांनी पदर पसरला. सुपडाबाईंनी कुंकू लावलं, खण-नारळ घातला आणि ओंजळीनं गहू घालू लागल्या. डॉक्टर दारात येऊन थांबले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण या वेळी भाषांतर मागितलं नाही.

तेवढ्यात बाकावरची एक बाई उठून उभी राहिली. तिच्या पलीकडची दुसरी उठली. दोघींचीही ऑपरेशनं झालेली, दोघीही आतल्या शेकाला आलेल्या. काही न बोलता त्या इंदूअक्कांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या, पदर हातात धरून.

सुपडाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग आपल्या कापडी पिशवीत कोपरापर्यंत हात घालून गहू किती उरलेत ते चाचपलं.

"पुरतीन," त्या म्हणाल्या. "बठ्ठ्यास्ले पुरतीन."